वर गेल्यावर कमी भरणारी चांदी

२ नोव्हेंबर, सोमवार

आले बाई एकदाचे नवे वजनकाटे! चार महिने मालकीणबाईंच्या मागे लागले होते. दोन आलेत. एक आमच्या खालच्या कोठारासाठी आणि एक वर डोंगरावरच्या कारखान्यासाठी.

बावीस वर्षं मी हे कोठार सांभाळते आहे. खाली भट्टीत चांदी वितळवून तिचे दाणे पाडायचे. दर गुरुवारी पाच किलो दाणे पेटीत भरून गाडीने वर पाठवायचे. वरचे कारागीर त्यांचे चमचे, बक्कल, फोटोच्या चौकटी बनवतात आणि तयार माल त्याच गाडीने खाली येतो. आजपर्यंत दोन्हीकडे जुने तराजू होते, एका पारड्यात चांदी आणि दुसऱ्यात पितळी वजनं. मान मोडून जायची. आता नुसता आकडा वाचायचा, तोही ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत.

काटे बसवायला आलेला माणूस म्हणाला, "बाई, एक इथे सेट करतो, दुसरा वर जाऊन करतो." मी म्हटलं, "अजिबात नाही. दोन्ही ह्याच टेबलावर, माझ्या डोळ्यांदेखत." तो म्हणाला, "पण पुस्तकात लिहिलंय..." मी म्हटलं, "पुस्तक मी वाचेन, तुम्ही काटे लावा." बिचाऱ्याने दुसरा काटाही टेबलावर चढवला. सोबत पाच किलोचा पोलादी ठोकळा आला आहे, तो ठेवून काटा शिकवायचा असतो. दोन्ही काट्यांनी बरोबर ५०००.० दाखवले, जुळ्या भावंडांसारखे. मग मी सेटिंगला कुलूप घातलं आणि ठोकळा माझ्या कपाटात ठेवला. वर कुणी खटपट करायला नको.

५ नोव्हेंबर, गुरुवार

पहिली खेप गेली. इथून ५०००.० ग्रॅम, दोनदा मोजून. दुपारी वरून फोन आला. वरचे मुख्य कारागीर, ज्यांना आम्ही सगळे 'वरचे काका' म्हणतो, ते म्हणाले, "४९९७.७ भरलेत."

मी म्हटलं, "काका, चष्मा पुसा."

"पुसला. दोनदा. तुमच्याच लाडक्या काट्यावर आहे."

दोन पूर्णांक तीन ग्रॅम गेले कुठे? पेटीच्या सांध्यात दाणे अडकले असतील. दादाला पेटी झटकून आणायला सांगितलं. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, गाडी तोच चालवतो. वहिनी गेल्यापासून तो, त्याची मुलगी आणि मी असे तिघे एकाच घरात राहतो.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

पुन्हा ४९९७.७. पेटी नवी होती, आतून कापड लावलेलं होतं. तरी पुन्हा तेच!

सांडलं तर कधी एक ग्रॅम सांडेल, कधी चार. दोन्ही वेळा दशांशापर्यंत सारखंच कसं सांडतं? आणि चोरी म्हणावी तर चोर इतका टापटिपीचा की मोजून घेतो? डोक्याचा भुगा झाला. त्यात आणखी एक. वरून आलेला तयार माल काकांनी ३०००.० म्हणून पाठवला, तो इथे ३००१.४ भरला. जाताना घटतो आणि येताना वाढतो! काकांना धड वजनही करता येत नाही, हे मात्र सिद्ध झालं. हे मी मालकीणबाईंना सांगितलं नाही, म्हातारा माणूस आहे.

१४ नोव्हेंबर, शनिवार

आज भलताच उद्योग झाला. आमची खारू (दादाची मुलगी, पेन्सिली कुरतडते म्हणून हे नाव) न्हाणीघरातलं काट्याचं वजनयंत्र बगलेत मारून आली. म्हणाली, "आत्या, चल लिफ्टमध्ये."

"कशाला?"

"तू उभी राहा, मी काटा बघते. तुझा चष्मा घरी राहू दे, नाहीतर तूच वाकून बघशील आणि काटा हलेल."

मी उभी राहिले. स्थिर असताना बासष्ट. लिफ्ट वर निघाली तसा खारूचा आवाज चढला, "पासष्ट! पासष्ट!" मग मध्ये पुन्हा बासष्ट, आणि थांबायच्या आधी साठाच्याही खाली. सातव्या मजल्यावरच्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांना वाटलं असेल, ह्या दोघी लिफ्टमध्ये भाजी विकतात.

"मी पाच सेकंदांत तीन किलो खाल्ले की काय गं?"

"तू तेवढीच आहेस. वजनयंत्राला तू कोण ते कळतच नाही. त्याच्यावर किती दाब पडतो, तेवढंच ते सांगतं. लिफ्ट वेग घेते तेव्हा तुला वर ढकलायला जास्त जोर लागतो, म्हणून आकडा वाढतो."

मला फार गंमत वाटली. शाळेत असताना भौतिकशास्त्राच्या बाई नुसत्या व्याख्या घोकून घ्यायच्या. लिफ्टमध्ये नेलं असतं तर मीही दोन पुस्तकं जास्त शिकले असते. आणखी चार फेऱ्या मारल्या. मग रखवालदाराने हटकलं.

१६ नोव्हेंबर, सोमवार

मालकीणबाईंनी बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं.

"पेटीची किल्ली प्रवासात कुणाकडे असते?"

"ड्रायव्हरकडे. तपासणी नाक्यावर उघडून दाखवावी लागते."

"ड्रायव्हर तुमचा भाऊ आहे, हे मला माहीत आहे. म्हणूनच सांगते. पाच डिसेंबरपर्यंत मला तुमच्या सहीचा अहवाल हवा. माल कुठे कमी होतो आणि कुणामुळे. नाव लिहायचं. नाहीतर मी गाडीवर दुसरा माणूस ठेवीन, आणि का ठेवला ते लोक विचारतीलच."

दादा चोर? मुळीच नाही. असं मी तिथे ठणकावून म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "बघते."

कारण तरुणपणी दादाला पत्त्यांचा नाद होता. माझी सायकल त्याने विकली होती आणि महिनाभर 'दुरुस्तीला टाकलीय' म्हणत राहिला होता. वीस वर्षं झाली त्याला. नंतर त्याने पत्त्याला हात लावला नाही. पण मनात येतं ते येतं. इथे तरी खरं लिहावं.

जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "दादा, पेटीची किल्ली तू कुठे ठेवतोस रे?"

त्याचा घास हातातच राहिला. म्हणाला, "खिशात. का?"

"काही नाही."

खारू एकटीच शाळेतल्या उंदराची गोष्ट सांगत होती.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

काकांचा फोन. "अभिनंदन! ५०००.०!"

आधी हायसं वाटलं. फोन ठेवला आणि तारखा जुळवल्या. सोमवारी मी किल्लीचं विचारलं आणि गुरुवारी माल पुरा भरला. विचारल्यावर थांबलं. ह्याचा अर्थ लहान मुलालाही कळेल.

२६ नोव्हेंबर, गुरुवार

५०००.१. काका म्हणाले, "आज तर एक दशांश वरच!" ते हसले, मला हसू आलं नाही.

दादा आजकाल माझ्या नजरेला नजर देत नाही. शनिवारी दुपारभर कुठे गेला होता, विचारलं तर "टायर बघायला." टायर मागच्याच महिन्यात बदललेत. राग येतो. दोन-अडीच ग्रॅम चांदीसाठी? मागितलं असतं तर मी काय दिलं नसतं त्याला?

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

अहवालाचा मसुदा सुरू केला. 'दिनांक ५ व १२ रोजी तूट आढळली. चौकशी केल्यानंतर तूट थांबली.' पुढचं वाक्य लिहवेना. कागद घडी करून पिशवीत ठेवला.

२९ नोव्हेंबर, रविवार

खारूची चाचणी आहे. धडा गुरुत्वाकर्षणाचा. मला समोर बसवून शिकवत होती, कारण म्हणे दुसऱ्याला समजावलं की आपल्याला समजतं.

"पृथ्वी तुला ओढते. किती जोराने, ते तू तिच्या मध्यापासून किती लांब आहेस त्यावर. आपण मध्यापासून चौसष्टशे किलोमीटरवर आहोत. अंतर दुप्पट झालं तर ओढ निम्मी नाही, पाव होते. वर्गाच्या हिशेबाने."

"म्हणजे गच्चीवर गेले की मी हलकी?"

"होतेस ना. पण इतकी कमी की कळणार नाही. डोंगरावर गेलीस तर जरा जास्त."

"मग मी डोंगरावरच राहायला जाते. गुडघ्यांना आराम."

"गुडघ्यांना नाही कळणार गं आत्या. फारच चांगला काटा असेल, तर त्याला कळेल."

मी शेंगा सोलत होते. हात थांबले.

"किती चांगला काटा?"

३० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी कोठारात गेल्यागेल्या काट्याचं पुस्तक काढलं. पान नऊ: 'काटा दुसऱ्या ठिकाणी हलवल्यास तिथे पुन्हा सेट करावा.' हे मी वाचलं होतं! मला वाटलं, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर.

संध्याकाळी खारूला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे काट्याचं, दादाचं नाही. ती इतकी खूश झाली की पेन्सिल तोडली. वरचा कारखाना खालच्यापेक्षा अठराशे मीटर उंच. चौसष्टशे किलोमीटरमध्ये एक पूर्णांक आठ किलोमीटर म्हणजे साधारण साडेतीन हजारावा भाग. वर्ग असल्यामुळे ओढीतली घट त्याच्या दुप्पट. पाच किलोवर किती? खारूचं उत्तर आलं २.८ ग्रॅम.

"पण कमी भरले २.३. अर्धा ग्रॅम कुणी खाल्ला?"

तिने पुन्हा मांडून बघितलं, पुन्हा २.८च. मला आता हा अर्धा ग्रॅम झोंबायला लागला आहे.

आणि तराजूवर बावीस वर्षं का नाही कळलं, ते मात्र माझं मलाच सुचलं. वर नेल्यावर चांदी हलकी होते तशी पितळी वजनंही हलकी होतात. दोन्ही पारडी सारखीच. तराजू ओढ मोजतच नाही, माल मालाशी ताडून बघतो. नव्या काट्याजवळ ताडायला काहीच नसतं, खाली शिकवलेली ओढ तो वरही खरी धरून चालतो. आणि त्याला शिकवणारा ठोकळा माझ्या कपाटात! येताना वाढलेले १.४ सुद्धा ह्यात चपखल बसतात. बिचाऱ्या काकांना मी उगाच नावं ठेवली.

१ डिसेंबर, मंगळवार

खारूने सरांना विचारलं. सर म्हणाले, तुझा हिशेब हवेत तरंगत वर गेलीस तर खरा. तिथे पायाखाली अख्खा डोंगर आहे, तोही त्याच्यापरीने खाली ओढतो. म्हणून घट थोडी कमी. डोंगर ओढतो! मी दुपारभर खिडकीतून त्याच्याकडे बघत होते. इतकी वर्षं मला वाटायचं, तो नुसता उभा आहे.

पण मग १९ आणि २६ तारखेचं काय? त्या दोन गुरुवारी माल पुरा भरला. तेव्हा डोंगर सुट्टीवर होता का? म्हणजे खारूचा सिद्धांत देखणा आहे, पण लागू पडत नाही. किंवा थोडा डोंगर आणि थोडा दादा. मला ठरवता येत नाही. परवा स्वतः जाते. ठोकळा घेऊन. पोलादी ठोकळ्यातून दाणे कुणी काढू शकत नाही.

३ डिसेंबर, गुरुवार

सगळं क्रमाने लिहिते.

खारूच्या शाळेला चिठ्ठी दिली, 'भौतिकशास्त्राच्या कामासाठी रजा'. पोटदुखी लिहायचा कंटाळा आला. दादाला फक्त म्हटलं, मी तपासणीला येते आहे आणि किल्ली आज माझ्याकडे दे. त्याने ती काढून दिली तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. मी मनात म्हटलं, झालं.

चांदीची पेटी माझ्या मांडीवर. ठोकळा आणि खालचा काटा खारूच्या पायांशी. निघताना ठोकळा ५०००.०. सहाशे मीटर उंचीच्या पाटीपाशी गाडी थांबवायला लावली. बाहेर वाऱ्याने आकडे नाचत होते, म्हणून गाडीच्या काचा लावून, श्वास धरून, तिघंही काट्यावर वाकलो. ४९९९.२.

"दादा, बघितलंस?"

तो म्हणाला, "गाडी तिरकी असेल."

खारूने काट्यावरचा पाण्याचा बुडबुडा दाखवला, मधोमध होता. बाराशे मीटरवर ४९९८.५. खारू किंचाळली, मीही किंचाळले, पन्नाशीची बाई! पोलादाचा ठोकळा, कुणी हात लावलेला नाही, आणि वळणागणिक हलका होत चालला आहे. दादा वाकून आकड्याकडे बघत राहिला. मग त्याने हळूच विचारलं, "म्हणजे वर गेल्यावर असंच होणार? दर वेळी?" खारू म्हणाली, "दर वेळी, बाबा. कुणीही नेलं तरी." त्याने गाडी सुरू केली.

वर दोन्ही काट्यांवर ठोकळा ४९९७.७. काकांनी ठोकळा उलटासुलटा केला. "आता ह्यातलं लोखंड कुणी चोरलं म्हणायचं?" मग चांदी. ४९९७.७. तिथूनच मालकीणबाईंना फोन लावला. त्यांना तीनदा समजावलं, चौथ्यांदा खारूने समजावलं. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे कुणीच काही घेतलेलं नाही?" मी म्हटलं, "कुणीच नाही. चूक काटे लावण्यात झाली, आणि ती माझी." वरचा काटा ठोकळ्यावर तिथल्या तिथे पुन्हा सेट केला. चांदी ठेवली. ५०००.०. काकांनी सगळ्यांना चहा पाजला.

परत येताना मला गाणं सुचत होतं. खारू मागे बसून वहीत आकडे मांडत होती. अर्ध्या घाटात म्हणाली, "आत्या, एक जुळत नाही. काटा चुकीचा होता तर दर गुरुवारी २.३ कमी दिसायलाच हवेत. १९ आणि २६ला पुरे कसे दिसले? तेव्हा तर पेटीत जास्त चांदी असायला हवी. एकदा २.३ आणि एकदा २.४. कुणीतरी घातली असली पाहिजे."

मी दादाकडे बघितलं. तो रस्त्याकडे बघत होता.

"दादा?"

"तुझ्या वहिनीची साखळी होती," तो म्हणाला. "थोडी थोडी सोनाराकडून वितळवून घेतली. काकांनी आकडा सांगितला होता, तेवढेच दाणे पाडून दिले त्याने."

"अरे पण का?"

"तू किल्लीचं विचारलंस. मला वाटलं, माझ्याच हातून कुठेतरी सांडतंय. नाक्यावर उघडतो तेव्हा. आणि मालकीणबाई तुझ्याकडूनच लिहून घेणार, हे कळत होतं मला. भरून टाकलं की तुला लिहावं लागणार नाही."

मला रडू आलं. आवरलं नाही, आवरायचं कारणही नव्हतं. मागून खारूचा आवाज आला, बारीक. "आत्या, तुला वाटलं होतं का, बाबांनी घेतली म्हणून?"

खोटं बोलता आलं असतं. दादाने तर मला वाट करून दिली, म्हणाला, "नाही गं, आत्याचं कामच आहे विचारायचं."

मी म्हटलं, "हो. वाटलं होतं."

खारूने वही मिटली. घरी आल्यावर ती सरळ आत निघून गेली. दादा माझ्याशी नेहमीसारखा बोलतो आहे, त्याचंच जास्त लागतं. त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "सोड." मी कशी सोडणार?

५ डिसेंबर, शनिवार

जुना मसुदा फाडला. सकाळी जेवणाच्या टेबलावर बसून नवा अहवाल लिहिला. समोर दादा भाजी निवडत होता. खारू पलीकडे पाठ करून बसली होती. काल दिवसभर ती माझ्याशी कामापुरतंसुद्धा बोलली नाही.

लिहिलं ते असं: 'मालात तूट कधीच नव्हती. दोन्ही काटे एकाच जागी सेट करण्याचा हट्ट माझा होता. काटे लावणाऱ्याने सांगायचा प्रयत्न केला, मी ऐकलं नाही. उलट कारखान्याकडे ४.७ ग्रॅम वजनाची चांदी जादा आली आहे. ती आमच्या ड्रायव्हरच्या दिवंगत पत्नीची आहे. ती त्याने पेटीत घातली, कारण मी त्याला सरळ विचारण्याऐवजी त्याच्यावर संशय घेतला. ती चांदी त्यांच्या मुलीला परत द्यावी आणि हा कागद दोन्ही कारखान्यांत मोठ्याने वाचून दाखवावा.'

सही केली. शाई वाळायला कागद टेबलावर ठेवला आणि चहा ठेवायला उठले. वळले तर खारू कागदावर वाकली होती. सगळा वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. मी चहाचं भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिले.

तिने पेन्सिल उचलली आणि एका शब्दाखाली रेघ ओढली.

"इथे 'वजन' नको, आत्या," ती म्हणाली. "वजन वर एक असतं, खाली एक. आईची चांदी तेवढीच आहे. 'वस्तुमान' लिही."

मी तिच्या शेजारी बसले, 'वजन' खोडलं आणि ती सांगेल तसं लिहिलं.